पोलादाच्या भट्टीचा प्राणवायू आणि तेल्हाऱ्याचा सिलिंडर

२३ एप्रिल २०२१. रात्री आठच्या सुमारास नागपूर स्थानकात एक मालगाडी येऊन थांबली. सपाट वाघिणींवर सात टँकर चढवलेले आणि त्यांत मिळून शंभर टनांहून अधिक द्रवरूप ऑक्सिजन. तीन टँकर नागपुरातच उतरले. उरलेले चार घेऊन गाडी पुढे निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या आत नाशिकला पोहोचली. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ असा हा मार्ग. म्हणजे देशातली पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’ आपल्या अकोल्यावरून रात्रीतून निघून गेली. त्या वेळी आपल्यापैकी बहुतेक जण घरात दार लावून बसलेले, नाहीतर कुणाच्या तरी बेडसाठी फोन फिरवत बसलेले होते. नाशिकमध्ये तर तीनच दिवसांपूर्वी महापालिकेच्या रुग्णालयात टाकीतून गळती झाली होती, आणि ऑक्सिजनचा दाब कमी पडून वीसहून अधिक रुग्ण दगावले होते.

तो ऑक्सिजन कुठल्या औषध कंपनीचा नव्हता. तो आला विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातून. लोखंड वितळवणाऱ्या माणसांकडे दवाखान्याला लागणारी वस्तू एवढी कशी, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. दुसरा प्रश्न जरा रागाने विचारला गेला: एवढा ऑक्सिजन होता, तर आधी का दिला नाही? दोन्ही प्रश्नांची उत्तरे पोलाद कसे तयार होते त्यात आहेत. महामारी ओसरली म्हणून ती शिळी झालेली नाहीत.

तेल्हाऱ्यात पोलादाची भट्टी नाही. आपल्याकडे कापूस, केळी, जिनिंग आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण. तरी पोलादाच्या वायूशी आपला रोजचा संबंध आहे. ट्रॉली बांधणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानात उभा असलेला काळा सिलिंडर आणि ग्रामीण रुग्णालयातला काळ्याच अंगाचा, पण पांढऱ्या खांद्याचा सिलिंडर हे मुळात एकाच घराण्यातले. पूर्ण काळा तो उद्योगाचा, खांदा पांढरा तो रुग्णाचा. आत भरलेली चीज एकच, हवेतून वेगळा केलेला ऑक्सिजन.

आधी भट्टीकडे जाऊ. खाणीतले खनिज, कोक आणि चुनखडी झोतभट्टीत टाकून जे लोखंड मिळते, त्यात सुमारे ४ टक्के कार्बन असतो. असे लोखंड कडक खरे, पण ठिसूळ. हातोडा मारला की तडकते. त्यातला कार्बन जाळून अगदी थोडा ठेवला की त्याचे पोलाद होते. १८५६ मध्ये हेन्री बेसेमर या इंग्रज संशोधकाने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून हे काम मिनिटांत करून दाखवले. पण हवेत ऑक्सिजन जेमतेम २१ टक्के, बाकी ७८ टक्के नायट्रोजन. हा नायट्रोजन पोलादात विरघळून बसतो आणि ते पुन्हा ठिसूळ होते. शुद्ध ऑक्सिजन फुंकला तर बरे, हे तेव्हाही सुचले होते. पण एवढा ऑक्सिजन आणायचा कुठून?

ते जमले जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे यांच्यामुळे. १८९५ मध्ये त्यांनी हवा द्रवरूप करण्याची व्यवहारात चालेल अशी पद्धत बसवली आणि १९०२ मध्ये त्या द्रवातून ऑक्सिजन वेगळा काढला. यातली युक्ती स्वयंपाकघरात समजेल अशी आहे. वेगवेगळे द्रव वेगवेगळ्या तापमानाला उकळतात. नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला, आरगॉन उणे १८६ ला आणि ऑक्सिजन उणे १८३ ला. हवा एवढी थंड करायची की ती पाण्यासारखी वाहू लागेल, मग उंच मनोऱ्यात तिला हळूहळू उकळू द्यायचे. नायट्रोजन आधी वर निघून जातो, ऑक्सिजन खाली राहतो. कच्चा माल फुकट. खर्च सगळा विजेचा.

पुढचे मोठे पाऊल पडले ते ऑस्ट्रियात. लिंझ आणि डोनाविट्झ या दोन गावांत १९५२-५३ मध्ये शुद्ध ऑक्सिजनवर पोलाद करणारे कारखाने सुरू झाले. त्या गावांच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत ‘एलडी’ म्हणून ओळखली जाते. भारतात ती पहिल्यांदा राऊरकेल्याला आली. जुन्या उघड्या भट्टीत पोलादाचा एक घाणा निघायला आठ-दहा तास लागत. एलडी कन्व्हर्टरमध्ये वरून पाण्याने थंड ठेवलेली नळी खाली सोडतात, आवाजापेक्षा वेगाने ऑक्सिजन सोडतात आणि पंधरा-वीस मिनिटांत कार्बन जळून जातो. वेगळे इंधन लागत नाही. जळणाऱ्या कार्बनचीच उष्णता एवढी की भट्टी आवरायला वरून थंड भंगार टाकावे लागते.

आता हिशेब करू. एक टन पोलादाला कन्व्हर्टरमध्ये साधारण ५० ते ६० घनमीटर ऑक्सिजन लागतो. दीडशे टनांचा एक घाणा धरला तर सव्वाआठ हजार घनमीटरच्या आसपास. दवाखान्यातल्या जम्बो सिलिंडरमध्ये ७ घनमीटर मावतो. म्हणजे भट्टी एका दमात, चहा उकळून प्यायला लागतो तेवढ्या वेळात, सुमारे १,२०० जम्बो सिलिंडर रिकामे करते. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला दिवसभरात साडेचौदा घनमीटर पुरतो. त्या हिशेबाने एका घाण्याच्या ऑक्सिजनवर साडेपाचशेहून जास्त रुग्णांचा अख्खा दिवस निघाला असता. आणि मोठ्या कारखान्यात असा घाणा पाऊण तासाला एक, रात्रंदिवस.

देशाचा ढोबळ आकडाही काढून पाहू. २०२१ मध्ये भारताने सुमारे ११.८ कोटी टन पोलाद केले, त्यातले निम्म्याहून थोडे कमी या ऑक्सिजनच्या पद्धतीने. टनामागे ७८ किलो धरले तर एकट्या कन्व्हर्टरांचे रोजचे पिणे अकरा हजार टनांच्या घरात जाते. झोतभट्टीत जाणारा ऑक्सिजन वेगळाच. महामारीपूर्वी देशभरच्या दवाखान्यांची गरज रोज ७०० टनांच्या आसपास होती. दुसऱ्या लाटेच्या शिखरावर, मे २०२१ मध्ये, ती ९,००० टनांच्या जवळ गेली. महाराष्ट्राचे स्वतःचे उत्पादन तेव्हा रोज सव्वाबाराशे टनांच्या आसपास होते आणि गरज त्याच्या पुढे निघून गेली होती.

मग ‘आठ दिवस भट्ट्या बंद करा आणि तो अकरा हजार टन दवाखान्यांना द्या’ असे का झाले नाही? इथेच बहुतेकांची गल्लत होते.

पोलाद कारखान्यातला ऑक्सिजन बहुतांश वायू म्हणूनच तयार होतो आणि नळाने थेट भट्टीत जातो. शेताच्या कडेने कालवा वाहतो म्हणून ते पाणी तेल्हाऱ्याच्या नळाला येत नाही, तसेच हे. कालव्यातले पाणी घरात यायला जलशुद्धीकरण, टाकी आणि पाइपलाइन लागते. इथे वायू टँकरमध्ये भरायचा तर तो द्रवरूप हवा. द्रवाचा एक लिटर मोकळा सोडला की साडेआठशे लिटरांहून अधिक वायू होतो. वायूच्या रूपात तेवढाच ऑक्सिजन वाहून न्यायचा तर रस्ते पुरणार नाहीत. पण द्रव करायला वीज साधारण दुप्पट लागते आणि त्यासाठीची यंत्रणा वेगळी असते. पोलाद कारखान्यांनी ती गरजेपुरतीच, म्हणजे एकूण क्षमतेच्या लहानशा भागापुरती बसवलेली होती. यंत्र अचानक थांबले तर भट्टीत गोठणारे लोखंड वाचवायला काही दिवसांचा द्रव साठा हाताशी असावा, एवढाच तिचा उद्देश.

तरी त्या महिन्यांत जे करता येण्यासारखे होते ते बरेचसे झाले, हे मान्य केले पाहिजे. कारखान्यांचा राखीव साठा साडेतीन दिवसांवरून अर्ध्या दिवसावर आणला गेला. भट्टीच्या दृष्टीने हे धाडसच होते. द्रव नायट्रोजन आणि आरगॉन काढणे कमी करून तीच थंडी ऑक्सिजनकडे वळवली. नायट्रोजन-आरगॉनचे टँकर साफ करून ऑक्सिजनला लावले. सरकारी आदेशही पायऱ्यापायऱ्यांनी कडक होत गेले. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्येच ८० टक्के दवाखान्यांना, २० टक्के उद्योगांना असे ठरवले होते. मार्च २०२१ च्या अखेरीस तोच नियम पुन्हा आणला. केंद्राने २२ एप्रिलपासून उद्योगांचा पुरवठा थांबवला, तेव्हा नऊ प्रकारचे उद्योग वगळले होते. त्यात औषधनिर्मिती, तेलशुद्धीकरण आणि पोलादही होते. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर खडे बोल सुनावले. २५ एप्रिलला ती सवलतही गेली आणि द्रव ऑक्सिजनचा औद्योगिक वापर पूर्ण बंद झाला.

टँकर रेल्वेवर चढवणेही सोपे नव्हते. बोईसरला आधी चाचणी घेतली. भरलेला टँकर सपाट वाघिणीवर ठेवून वरच्या तारेपर्यंतचे अंतर मोजले, तेव्हा ३,३२० मिलिमीटर उंचीचाच टँकर चालेल असे ठरले. घाटातल्या बोगद्यांतून तो जाईना, म्हणून १९ एप्रिलला कळंबोलीहून निघालेली रिकामी गाडी वसई, सुरत, भुसावळ असा वळसा घालून विशाखापट्टणमला गेली. १,८५० किलोमीटर, पन्नास तास. भरायला दहा तास, नागपूरला परत यायला एकवीस. एवढा मोठा देश, आणि प्रश्न अडला तो टँकरची उंची आणि बोगद्याची कमान यांच्यात!

याच दिवसांतला एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुंबईत १९६० मध्ये स्थापन झालेली ‘बॉम्बे ऑक्सिजन’ नावाची कंपनी आहे. एप्रिल २०२१ मध्ये तिच्या शेअरचा भाव महिन्याभरात दुपटीच्या वर गेला. लोकांनी नाव वाचले आणि खरेदी केली. कंपनीने ऑक्सिजन बनवणे २०१९ मध्येच बंद केले होते. ती तेव्हा गुंतवणुकीचा व्यवसाय करत होती.

उद्योगाचा ऑक्सिजन रुग्णाला चालतो का, ही शंका तेव्हा गावोगावी होती, आजही कानावर येते. शुद्धतेच्या टक्क्यांत उद्योगाचा ऑक्सिजन कमी नसतो. औषधकोशाप्रमाणे वैद्यकीय ऑक्सिजन किमान ९९ टक्के हवा. हवा गोठवून मिळणारा औद्योगिक ऑक्सिजन साधारण साडेनव्व्याण्णव असतो. फरक उरलेल्या अर्ध्या टक्क्यात काय आहे याचा. कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, ओलावा यांची मर्यादा वैद्यकीय वायूला पाळावी लागते, तपासणीची नोंद ठेवावी लागते. शिवाय सिलिंडर आतून स्वच्छ हवा. वर्कशॉपमधून फिरून आलेल्या सिलिंडरची ती खात्री नसते. काळ्या बुरशीचा आजार औद्योगिक ऑक्सिजनमुळे झाला अशी चर्चा खूप रंगली. तसे सिद्ध झाले नाही. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा वारेमाप वापर हीच त्याची प्रमुख कारणे ठरली. जिल्हा रुग्णालयांत आणि काही तालुक्यांत बसवलेले पीएसए प्लांट मात्र वेगळे: ते हवा गोठवत नाहीत, जिओलाइटच्या चाळणीतून नायट्रोजन अडवतात आणि ९३ टक्क्यांच्या आसपासचा ऑक्सिजन देतात. रुग्णाला तो पुरतो. लोखंड कापायला तो कमी पडतो, हा भाग वेगळा.

एक नियम मात्र दवाखाना आणि वर्कशॉप दोघांना सारखाच लागू आहे. ऑक्सिजनच्या वॉल्व्हला, रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला असा चेव आणतो की तेलकट बोटाचा डागही पेट घ्यायला पुरतो. घट्ट झालेला वॉल्व्ह सैल करायला दोन थेंब तेल टाकण्याची आपल्याकडची सवय इथे जिवावर बेतू शकते.

पोलादाच्या कारखान्यात ऑक्सिजनखेरीज आणखी बरेच वायू आहेत. आरगॉनचे बुडबुडे सोडून लॅडलमधले पोलाद ढवळतात. नायट्रोजनने नळ्यांतले ज्वालाग्राही वायू हाकलून देतात आणि कोळशाची भुकटी झोतभट्टीत ढकलतात. भट्टीतून स्वतःहून निघणारा वायू तर सगळ्यांत धोक्याचा: झोतभट्टीच्या वायूत पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त कार्बन मोनॉक्साइड असतो. तो वाया न घालवता कारखाने इंधन म्हणून वापरतात, म्हणून मैलोन्‌मैल नळ्यांतून तो फिरत असतो. भिलाईला जून २०१४ मध्ये असाच वायू पसरून सहा जणांचा जीव गेला. राऊरकेल्याला जानेवारी २०२१ मध्ये चार कामगार गेले.

वऱ्हाडातली पोरे जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये, वर्ध्याच्या, चंद्रपूरच्या कारखान्यांत कामाला जातात, म्हणून हे जरा सविस्तर. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पायातले बळ जाते आणि माणूस जागीच कोसळतो. महामारीत घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर इथे दगा देतो. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजन भरलेल्यासारखेच लाल दिसते. आकडा ९८ दाखवेल आणि माणूस मरणाच्या दारात असेल. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर, थंडीत दार लावून खोलीत ठेवलेली शेगडी यांतही हाच वायू तयार होतो. नायट्रोजनची तऱ्हा आणखी निराळी. आपला जीव घुसमटतो तो शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत उतरलेल्या माणसाचा कार्बन डायऑक्साइड श्वासाबरोबर बाहेर जातच राहतो, त्यामुळे त्याला काही जाणवतच नाही. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. त्याला काढायला धावत उतरलेला दुसराही तसाच पडतो. म्हणून आत कुणी पडलेले दिसले तर तसेच उतरायचे नाही. आधी आरडाओरड करून मदत बोलवायची. श्वसनयंत्र लावलेल्या माणसानेच आत जायचे.

आता पुढचे. भारताचे पोलाद २०२१ च्या ११.८ कोटी टनांवरून २०२४ मध्ये १५ कोटी टनांच्या जवळ गेले आणि राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३० साठी ३० कोटी टन क्षमतेचे लक्ष्य ठेवले आहे. ऑक्सिजनची भूक त्याच प्रमाणात वाढणार; किंबहुना थोडी जास्तच, कारण महाग कोक वाचवण्यासाठी झोतभट्टीत कोळशाची भुकटी आणि तिच्या जोडीला जादा ऑक्सिजन सोडण्याकडे कल आहे. जालन्यासारख्या ठिकाणच्या इंडक्शन भट्ट्या विजेवर भंगार वितळवतात. त्यांना ऑक्सिजन लागतो तो मुख्यतः भंगार कापायला, आणि तोही सिलिंडरने. म्हणजे टंचाई आली की दवाखान्याशी थेट स्पर्धा करणारा ग्राहक खरा हा आहे, नळाने ऑक्सिजन पिणारा अवाढव्य कारखाना नव्हे. तेल्हाऱ्यातला गॅस कटरवालाही याच रांगेत. २०२१ मध्ये सिलिंडर बंद झाले, तेव्हा पहिला रोजगार बुडाला तो अशाच दुकानांचा. त्याची नोंद फारशी कुणी घेतली नाही.

तेल्हाऱ्याच्या दृष्टीने मग महत्त्वाचे काय? देशात ऑक्सिजन किती बनतो हे नाही, तर द्रव किती होतो, तो साठवायला जिल्ह्याला टाक्या किती आणि तिथून तालुक्यापर्यंत सिलिंडर किती वेळात येतो, हे. जम्बो सिलिंडर मिनिटाला १० लिटरने साडेअकरा तास चालतो; मिनिटाला ६० लिटर ओढणाऱ्या यंत्राला दोन तासही पुरत नाही. अकोल्याहून पन्नासेक किलोमीटर रस्ता, भरण्याची रांग आणि चढ-उतार धरली तर हे दोन तास किती पटकन संपतात ते कुणीही मोजावे. ऑक्टोबर २०२१ पर्यंत पीएम केअर्स निधीतून देशात बाराशेवर पीएसए प्लांट उभे राहिले. ही यंत्रे झाकून ठेवली की सुधारत नाहीत. जिओलाइटला ओलावा लागला की त्याची चाळण बिघडते. कॉम्प्रेसर फिरता ठेवावा लागतो, फिल्टर बदलावे लागतात, आणि ऑक्सिजनची टक्केवारी मोजून वहीत लिहावी लागते. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत त्या वहीचे शेवटचे पान मागून बघायला काही हरकत नाही.

पोलादाच्या दुनियेत मात्र एक उलटा प्रवाह सुरू झाला आहे. कोळशाऐवजी वायूने खनिजातला ऑक्सिजन काढायचा आणि मिळालेले स्पंज आयर्न विजेच्या भट्टीत वितळवायचे. हे आपल्या राज्याला नवीन नाही. रायगड जिल्ह्यात साळाव आणि डोलवी इथे १९९० च्या दशकापासून नैसर्गिक वायूवर स्पंज आयर्न तयार होते. स्वीडनमध्ये २०२१ च्या ऑगस्टमध्ये निव्वळ हायड्रोजनवर केलेल्या लोखंडाचे पहिले पोलाद ग्राहकाला दिले गेले. भारतानेही जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले असून पोलादातले प्रयोग त्यात धरले आहेत.

यात गंमत अशी की पाण्यातून विजेने १ किलो हायड्रोजन काढला की सोबत ८ किलो ऑक्सिजन मिळतो. एक टन लोखंडाला पन्नासेक किलो हायड्रोजन लागतो, म्हणजे चारशे किलो ऑक्सिजन आपोआप हाती येणार. आजची भट्टी टनामागे ७८ किलो ऑक्सिजन पिते; उद्याची, जमली तर, त्याच्या पाचपट बाहेर टाकेल. पण तोही निघणार वायू होऊनच, कारखान्याच्या नळातून. त्याला गोठवणारे यंत्र, साठवणारी टाकी आणि आणणारा टँकर या गोष्टी कारखाना बांधतानाच आराखड्यात धराव्या लागतील.